कोल्हापुरात वसंतात फुलणारे कंद: कोणते घ्यावेत, कधी लावावेत, पाणी कधी तोडावं

प्रश्न थोडक्यात असा. घर कोल्हापूर शहरात, पुढे आठ बाय चार फुटांचा काळ्या मातीचा तुकडा, गच्चीवर दहा-बारा कुंड्या. ऑनलाइन ट्युलिप, डॅफोडिल, हायसिंथची पाकिटं पाहिली आहेत. गुढीपाडव्याच्या आसपास अंगण फुललेलं हवंय. शिवाय दोन वर्षांपूर्वी लावलेल्या अमरिलिसला पात भरपूर येते, फूल एकही नाही. काय लावावं, कधी आणि किती खोल?

सुरुवात न फुलणाऱ्या अमरिलिसपासून करू, कारण ते कोडं सुटलं की खरेदीची यादीही आपोआप ठरते.

थंड देशांतले वसंतातले कंद थंडी सोसून जागे होतात. आपल्याकडे ते काम पाण्याचा ताण करतो. डाळिंबाचा किंवा लिंबाचा आंबे बहार कसा धरतात ते तुमच्या ओळखीत कुणीतरी करत असेलच: पाणी तोडायचं, झाडाला ताण बसू द्यायचा, मग पाणी सोडायचं. अमरिलिस, फुटबॉल लिली, पावसाळी लिली ही मंडळी मूळची अमेरिका खंडातल्या आणि आफ्रिकेतल्या उष्ण भागांतली, जिथे कोरडा काळ आणि ओला काळ असे वर्षाचे दोन भाग पडतात. त्यांचा बहार तसाच धरावा लागतो. तुमची अमरिलिस गुलाब-जास्वंदीच्या ओळीत असणार आणि रोज सकाळी पाइपचं पाणी पीत असणार. बाराही महिने पाणी मिळालं तर ती बाराही महिने पातच काढणार.

बाजारात अमरिलिस म्हणून मिळते ती बहुतेक वेळा हिप्पिॲस्ट्रम असते. तिचं वर्ष असं चालतं: जून ते ऑक्टोबर पानं अन्न बनवतात आणि साधारण दर चार पानांमागे कंदाच्या पोटात एक कळी धरते. म्हणजे पुढच्या चैत्रातलं फूल यंदाच्या पावसाळ्यातच ठरतं. म्हणून हिरवी पात कापू नका. फुलाचा दांडा सुकल्यावर तो तेवढा कापा, पात राहू द्या. जून ते ऑगस्ट दर पंधरा दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम, सप्टेंबरपासून त्याऐवजी 0:0:50 तितकंच. कोल्हापुरात ठिबकवाल्यांना लागणारी ही खतं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. ऑक्टोबरअखेर खत बंद.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी तोडा. एकदम नाही, नोव्हेंबरच्या मध्यापासून चार दिवसांआड, मग आठवड्याने, मग पूर्ण बंद. कुंडी असेल तर भिंतीच्या आडोशाला आडवी करून ठेवली तरी चालते. पात पिवळी पडेल, पडू द्या. पिवळी झालेली पात ओढली की हातात येते, तेवढीच काढा. काही हिरवी राहिली तरी बिघडत नाही. 8 ते 10 आठवडे असा ताण बसला की फेब्रुवारीच्या मध्याला कुंडीला एकच तांब्याभर पाणी द्या आणि थांबा. सगळ्यात जास्त कंद इथेच मरतात. ताणात बरीच मुळं वाळलेली असतात. पिणारं कुणी नसताना रोज पाणी ओतलं की बूड कुजतं. मानेतून कोंब दोन-तीन इंच वर आला की मगच नेहमीचं पाणी सुरू करा. पाणी सोडल्यापासून फूल उमलायला साधारण चार ते सात आठवडे लागतात. पाडवा कधी मार्चच्या मध्याला, कधी एप्रिलच्या मध्याला येतो. तेव्हा पंचांगात तारीख बघून सहा आठवडे मागे मोजा आणि त्या दिवशी पहिला तांब्या द्या. सगळ्या कुंड्यांना एकाच दिवशी देऊ नका. आठवड्याच्या अंतराने दोन-दोन जाग्या केल्यात तर महिनाभर फुलं पुरतील.

ताण देऊनही फूल आलं नाही तर चार गोष्टी तपासा. कंद खोल गेलाय का? अमरिलिसचा वरचा तिसरा हिस्सा, मान आणि खांदा, मातीबाहेर हवा; कांद्यासारखी पुरली तर मानेत पाणी साचून ती कुजते किंवा नुसती पात काढते. रोज चार-पाच तास ऊन मिळतं का? नारळाखालच्या गर्द सावलीत पात लांब आणि लोळती होते, कळी धरत नाही. कुंडी फार मोठी आहे का? कंद आणि काठ यांच्यात दोन बोटं जागा पुरते. एका कंदाला आठ इंची कुंडी पुष्कळ. आणि शेवटचं, कंदच लहान आहे का?

लहान कंद ही ऑनलाइन खरेदीतली मुख्य तक्रार. हे कंद घेराने विकले जातात, व्यासाने नाही. पाकिटावर 24/26 लिहिलं असेल तर ते पोटाभोवती सुतळी फिरवून मोजलेले सेंटिमीटर. 26 सेंमी घेराचा कंद म्हणजे साधारण 8 सेंमी जाड, भरदार मोठा कांदा. त्याला दोन दांडे येण्याची चांगली शक्यता असते. 18 सेंमीच्या खालचा कंद पहिल्या वर्षी फुलेलच असं धरू नका. त्यामुळे ‘पाचाचा सेट’ म्हणून लिंबाएवढे कंद स्वस्तात आले तर फसवणूक म्हणवत नाही, पण दोन वर्षं थांबावं लागेल. निळ्याशार अमरिलिसचा फोटो दाखवणारा विक्रेता मात्र सरळ टाळा. तो रंग संगणकावर भरलेला असतो. ट्युलिपचं बी विकणारेही त्याच जातकुळीतले: बियापासून ट्युलिपला फूल यायला पाच वर्षं सहज जातात, तीही थंड हवेत.

कंद हातात घेऊन निवडता आला तर कांदा पारखतो तसाच पारखायचा. आकाराच्या मानाने जड हवा. बूड अंगठ्याने दाबलं तर घट्ट लागलं पाहिजे. तिथे मऊ लागलं किंवा आंबूस वास आला तर परत ठेवा. मान बसकी, पिचपिचीत नको. पापुद्र्यावर निळसर बुरशीची पूड असेल पण आत कंद टणक असेल तर कोरड्या फडक्याने पुसून तो वापरता येतो. पापुद्र्यांच्या सांदीत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. असा एक कंद सगळी गच्ची बिघडवतो.

आता ट्युलिप. त्याच्या कंदाला 9 अंशांखाली साधारण 12 ते 16 आठवडे काढावे लागतात, तेव्हा आतला दांडा लांबायला तयार होतो. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 साली सुरू झालेली ट्युलिप बाग मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलते ती तिथल्या हिवाळ्याच्या जोरावर. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा बहुतेकदा 13 ते 16 अंशांवर थांबतो आणि दुपारी 28-30 होतो. फ्रीजमध्ये ठेवून थंडी देता येते, पण हिशोब करून बघा. आयात कंद आपल्याकडे पोचतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तिथून 12 आठवडे फ्रीज म्हणजे जानेवारीअखेर. लावल्यावर फुलायला आणखी चार-सहा आठवडे. म्हणजे नेमकी कळी येताना मार्चचं ऊन. कळी पानातच करपते किंवा दांडा बोटभर राहून फूल जमिनीलगत उघडतं. त्यामुळे घ्यायचेच तर आधीच थंडी दिलेले कंद मागा, किती आठवडे दिली ते विचारा आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तरेकडच्या सावलीत कुंडीत लावा, चार इंच खोल, एकमेकांपासून दोन बोटांवर. लावेपर्यंत कागदी पिशवीत फ्रीजमध्ये ठेवा, मात्र त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, आंबे नकोत. पिकणाऱ्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. सगळं जमलं तर जानेवारीत तीन-चार दिवस फूल बघायला मिळेल आणि कंद पुढच्या वर्षी कामाचा राहणार नाही. हौसेपुरते पाच घ्या, पाडव्याची भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

हायसिंथचं गणित तेच. थंडी दिलेला कंद पाण्याच्या बाटलीवर ठेवून घरात फुलवता येतो, बुडाला पाणी टेकू न देता. हे कंद हाताळल्यावर अंगाला खाज येते, हातमोजे घाला. डॅफोडिलपैकी मोठ्या पिवळ्या कर्ण्याची जात विसरा. पण त्याच कुळातली पांढरी, घोसाने येणारी, तीव्र वासाची नर्गिस, पाकिटावर पेपरव्हाइट लिहिलेली, तिला थंडी लागत नाही. दिवाळीनंतर लावली तर पाच-सहा आठवड्यांत फुलते. म्हणजे ती संक्रांतीची, पाडव्याची नव्हे.

पाडव्याच्या आधी रंगांची रेलचेल हवी असेल तर ग्लॅडिओलस घ्या. त्याचा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसतो, अळूच्या गड्ड्यासारखा आतून भरीव असतो. निवडताना रुंद चपट्यापेक्षा उंच, फुगीर गड्डा घ्या. रुंद चपटा गड्डा बहुतेकदा जुना आणि थकलेला असतो. व्यास साडेतीन ते पाच सेंमी. नुकता काढलेला गड्डा जवळपास तीन महिने झोपतो, जमिनीत टाकला तरी हलत नाही, म्हणून शीतगृहातून आलेलाच मागा. बुडाभोवती बारीक मुळांच्या गाठी दिसू लागल्या असतील तर तो जागा झालाय. लावण्यापूर्वी वरचं सुकं साल काढून लिटरला 2 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत निथळू द्या.

जातीनुसार लावल्यापासून 70 ते 95 दिवसांत दांडा येतो. दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी दहा-दहा गड्डे लावले की जानेवारीच्या शेवटापासून होळीच्या पुढेपर्यंत फुलं येत राहतात. जानेवारीत लावलेलं पाडव्याला पोचतं खरं, पण तेव्हा पारा 35-36 वर असतो, दांडा आखूड निघतो आणि खालच्या पाकळ्यांच्या कडा जळतात. दुपारनंतर सावली मिळणाऱ्या जागीच तो जुगार खेळा. काळ्या मातीत खोली दोन-तीन इंच, भुसभुशीत तांबड्या मातीत चार. अंतर एक वीत. दोन पानांवर आणि चार पानांवर थोडं नत्र द्या. चार-पाच पानं झाली की उसाची भरणी करतात तशी मातीची भर लावा, नाहीतर दांडा फुलाच्या ओझ्याने आडवा होतो. सिंगल सुपर फॉस्फेट इथे टाळा. त्यातल्या फ्लोराइडने पानांची टोकं करपतात. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे, उन्हाळा लागताच वाढतात; निंबोळी अर्क आठवड्याने फवारा. फूल कापताना चार पानं मागे ठेवा, कारण जुना गड्डा संपून त्याच्या डोक्यावर नवा बसतो आणि तो याच पानांवर पोसतो. पानं बाहेरून एकेक पिवळी पडून झाड सुकलं आणि गड्डा कापल्यावर आत तपकिरी गाभा दिसला तर ती मर. तो गड्डा कंपोस्टात टाकू नका आणि त्या जागी तीन-चार वर्षं ग्लॅडिओलस नको.

इथे एक नियोजनाची चूक बहुतेकांची होते. फुलांच्या रंगाप्रमाणे वाफा आखतात आणि ग्लॅडिओलसच्या पुढ्यात अमरिलिस लावतात. दिसतं छान. पण डिसेंबर-जानेवारीत ग्लॅडिओलसला दर चार दिवसांनी पाणी हवं आणि अमरिलिसला थेंबही नको. एकीला जगवताना दुसरीचा ताण मोडतो. म्हणून वाफे रंगावर नको, पाण्यावर पाडा. तुमच्या आठ बाय चारच्या तुकड्यात मधे विटांची ओळ घालून दोन भाग करा. नळाजवळचा भाग ग्लॅडिओलसला, त्यात तीस-पस्तीस गड्डे आरामात बसतात. दुसरा भाग ताणवाल्यांचा: मधे फूटभर अंतरावर आठ-दहा अमरिलिस, कडेने पावसाळी लिलीची रांग, तीन इंचांवर एक, दोन इंच खोल.

माती हा कोल्हापुरातला खरा अडथळा. पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी, कंदाला मात्र जुलैत ती चिखलाची कढई होते. त्यात दोन पाट्या वाळू मिसळून उपयोग नाही. थोडी वाळू आणि काळी माती मिळून वीटच होते. फूटभर माती काढा. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत किंवा पूर्ण कुजलेलं प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) असं मिश्रण करा आणि जमिनीपासून सहा-आठ इंच उंच गादीवाफा करा. नदीची वाळू परवडत नसेल तर क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चालते, पण ती दोन-तीनदा धुऊन घ्या, कारण तिच्यातली बारीक पूड मातीच्या फटी बुजवते. साखर कारखान्याचं ताजं प्रेसमड अजिबात नको. ते कुजताना तापतं आणि मुळं भाजतात. पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती मिळाली तर काळीऐवजी तीच घ्या. कुंडीसाठी तांबडी माती दोन, वाळू एक, खत एक आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कुंड्या दोन विटांवर ठेवा, खालची ताटली पावसाळ्यात काढा. ग्लॅडिओलसच्या ओळींमध्ये फेब्रुवारीत उसाचं पाचट पसरलं की जमीन थंड राहते. अमरिलिसच्या मानेला मात्र ते टेकू देऊ नका. 2019 आणि 2021 ला ज्यांच्या अंगणात पुराचं पाणी आलं त्यांनी जमिनीत कंद लावूच नयेत. दोन-तीन दिवस पाण्याखाली राहिलेला कंद वरून ठीक दिसतो आणि पंधरा दिवसांनी हाताला पिठासारखा लागतो. गच्चीच बरी.

पाडवा झाल्यावर अंगण ओकंबोकं वाटू नये म्हणून दोन गोष्टी आणखी घ्या. फुटबॉल लिली, जिला काही जण मे फ्लॉवर म्हणतात, वळवाची एक सर पडली की पानाआधी लाल गोंडा घेऊन येते. तिचा कंद फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, मान जमिनीच्या पातळीला, आणि पुन्हा हलवू नका. हलवलं की एखादं वर्ष रुसते. डिसेंबर ते एप्रिल पाणी शून्य, म्हणून फेब्रुवारीत पाणी सुरू होणाऱ्या अमरिलिसच्या वाफ्यात नको, स्वतंत्र कुंडीत. पावसाळी लिलीला तर वळवाचीच वाट बघायची. पाऊस पडल्यावर चार-पाच दिवसांत ती फुलते. तीन आठवडे कोरडी ठेवून एकदा भरपूर भिजवली तरी पाऊस समजून फुलते, पण पावसाइतकी नाही. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावा. फुलं पावसाळ्यात येतील, तो वसंताचा गडी नाही.

पावसात लिलीवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या येतात. एका रात्रीत पात साफ करतात, मग मानेतून कंदात उतरतात. लहान असताना संध्याकाळी बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची भुकटी) पाण्यातून फवारली तर आटोक्यात राहतात. मोठ्या झाल्या की हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं हाच उपाय. पानावर आणि दांड्यावर तांबडे लांबट डाग आणि दांडा एका बाजूला वाकलेला दिसला तर ती बुरशी. ते पान काढा, मानेत पाणी जाऊ देऊ नका आणि लिटरला 2 ग्रॅम मँकोझेब दहा दिवसांच्या अंतराने दोनदा द्या.

अमरिलिसची पिल्लं आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली की फेब्रुवारीत, पहिलं पाणी देण्याआधी वेगळी करा. त्यांना फुलायला दोन-तीन पावसाळे लागतात. मसाई पठारावर किंवा राधानगरीच्या सड्यांवर दिसणारे रानकंद मात्र उपटून आणू नका. कातळावरच्या चार बोटं मातीत वाढलेला कंद अंगणातल्या खोल, ओल्या मातीत एक पावसाळा काढत नाही, आणि पठारावरची जागा रिकामी होते ती होतेच.

काढलेले ग्लॅडिओलसचे गड्डे आठ दिवस सावलीत वाळवा, माती झटका, जाळीच्या पिशवीत जातीच्या नावाची चिठ्ठी घालून हवेशीर जागी टांगा. अमरिलिस, नर्गिस यांचे कंद स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. चिरल्यावर ते हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि पोटात गेले तर जोरदार उलट्या होतात. घरात कुत्रं असेल तर ताणावर टाकलेल्या कुंड्याही त्याच्या तोंडाला येणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.